सागरतळावरील रसदीची नोंद : ‘थिसलगॉर्म’ आगबोट आणि तिचे प्रेक्षक

१

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, बखरी, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी ह्यांचे स्मरण आपल्याला प्रथम होते. ह्या मालिकेत बुडालेल्या जहाजाला स्थान द्यावयाचे झाल्यास ते प्राचीन काळापुरते द्यावे, असा सर्वसाधारण समज आहे. ज्या काळाविषयी कागदच उपलब्ध नाही, त्या काळचे जहाज सापडल्यास ते अनमोल. परंतु ज्या दुसऱ्या महायुद्धाने कागदांचे डोंगर मागे ठेवले, त्यातील एका मालवाहू आगबोटीच्या सांगाड्याकडून इतिहासाभ्यासकाने नवे काय शिकावयाचे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तांबड्या समुद्रात १९४१ मध्ये बुडालेल्या ‘थिसलगॉर्म’ ह्या ब्रिटिश आगबोटीच्या आधारे ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

ह्या आगबोटीची निवड करण्यास कारण आहे. आज ती जगातील अत्यंत लोकप्रिय अशा जलमग्न पर्यटनस्थळांपैकी एक आहे. पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्रतळाशी जाणारे हौशी पाणबुडे दरवर्षी मोठ्या संख्येने तिच्या दर्शनास जातात. ज्या वस्तूला इतके डोळे लाभले तिचे रक्षण चांगले होत असेल, अशी अपेक्षा वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘थिसलगॉर्म’चे ऐतिहासिक मोल तिच्यातील सुट्या वस्तूंत नसून त्या वस्तूंच्या रचनेत आहे, ती रचना ज्यांनी जगाच्या नजरेस आणली त्यांच्याच हातून ती विस्कटत आहे, आणि तिच्या संरक्षणासाठी उपलब्ध असलेले नियम रचनेचा नव्हे, तर केवळ वयाचा विचार करतात, हे ह्या निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम घटनाक्रम पाहू. ‘थिसलगॉर्म’ची बांधणी इंग्लंडमधील संडरलंड येथील जोसेफ टॉम्सन ह्यांच्या गोदीत झाली आणि १९४० मध्ये तिचे जलावतरण झाले. ‘अल्बिन लाइन’ ह्या कंपनीच्या जहाजांची नावे ‘थिसल’ ह्या स्कॉटलंडच्या काटेरी फुलाच्या नावाने आरंभ होत. त्यास अनुसरून हिचे नाव ‘निळे थिसल’ अशा अर्थाचे ठेवण्यात आले. सुमारे १२६ मीटर लांबीची आणि ४,८९८ टन नोंदणीची ही आगबोट व्यापारी असली, तरी तिच्या बांधणीस सरकारने अर्थसाहाय्य दिले होते आणि पिछाडीस विमानविरोधी व इतर शस्त्रे बसविलेली होती. म्हणजेच नागरी आणि लष्करी ह्यांच्यामधील सीमारेषेवरच तिचा जन्म झाला होता. पुढे संरक्षणाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हा ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

तीन सफरी पुऱ्या करून ती चौथ्या व अखेरच्या सफरीस २ जून १९४१ रोजी ग्लासगोहून निघाली. तिला अलेक्झांड्रियास जावयाचे होते. आदल्याच दिवशी, १ जून रोजी, क्रीट बेटावरील लढाई संपून ते बेट पूर्णपणे जर्मनांच्या हाती गेले होते. भूमध्य समुद्र मालवाहू ताफ्यांस जवळजवळ बंद झाल्यामुळे ईजिप्तची रसद आफ्रिकेस वळसा घालून, केप ऑफ गुड होपमार्गे, सुमारे बारा हजार सागरी मैलांचा प्रवास करून सुएझला पोहोचत असे. ‘थिसलगॉर्म’ ह्याच वाटेने सप्टेंबरात तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकास आली. कालव्यातील मार्ग मोकळा नसल्यामुळे गुबालच्या सामुद्रधुनीनजीक ‘शाब अली’ ह्या प्रवाळखडकाच्या आडोशास, आरमाराने सुरक्षित म्हणून नेमून दिलेल्या जागी, तिने नांगर टाकला.

नांगरलेल्या अवस्थेतच तिचा अंत झाला. ६ ऑक्टोबर १९४१ च्या पहाटेपूर्वी, रात्री दीडच्या सुमारास, क्रीटवरून आलेल्या दोन हाइन्केल १११ विमानांनी तिला गाठले. ती विमाने सैन्य वाहून नेणाऱ्या एका मोठ्या जहाजाच्या शोधात होती. पौर्णिमा नुकतीच उलटली होती आणि उजेडात नांगरलेली आगबोट दिसणे अवघड नव्हते. दोन बाँब पिछाडीकडील चौथ्या क्रमांकाच्या कोठीवर पडले. तेथील दारूगोळ्याने पेट घेतला, आगबोटीची पिछाडी जवळजवळ तुटून निघाली आणि ती अल्पावधीत बुडाली. चार खलाशी आणि आरमाराचे पाच गोलंदाज असे नऊ जण मृत्युमुखी पडले. उरलेल्यांना ‘कार्लाइल’ ह्या युद्धनौकेने उचलून घेतले. जळत्या डेकवरून जखमी सहकाऱ्याला वाचविणाऱ्या अँगस मॅक्ले ह्या खलाशास पुढे जॉर्ज पदक देण्यात आले. क्रीटचा पाडाव ज्या दिवशी पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी निघालेली आगबोट चार महिन्यांनी त्याच बेटावरून उडालेल्या विमानांस बळी पडली, ह्यावरून भूमध्य समुद्रातील एका बेटाच्या हातबदलाचा परिणाम किती दूरवर पोहोचला होता, ते ध्यानी येते.

३

रणांगणावरील घडामोडींच्या हिशेबात ही घटना किरकोळ आहे. युद्धकाळात ब्रिटनने हजारो व्यापारी जहाजे गमावली. त्यांतील ही एक. परंतु रसदीच्या इतिहासात तिचे स्थान निराळे आहे.

तिच्या कोठ्यांत ‘बेडफर्ड’ ट्रक, ‘नॉर्टन’ आणि ‘बीएसए’ मोटारसायकली, लहान चिलखती गाड्या, बंदुका, दारूगोळा, विमानांचे सुटे भाग, बिनतारी यंत्रसामग्री आणि रबरी बूट होते. डेकवर दोन वाफेची रेल्वे-इंजिने व वाघिणी बांधलेल्या होत्या. ही यादी कागदावरही मिळू शकेल. परंतु सागरतळावर जे दिसते, ते यादीत नाही. पुढच्या दोन कोठ्यांत ट्रकांच्या रांगा उभ्या असून त्यांच्या पाठीवर मोटारसायकली रचलेल्या आहेत. एका गाडीच्या पोटात दुसरी ठेवून इंच न् इंच जागा वापरण्याची ही पद्धत हा युद्धकालीन जहाजटंचाईचा साक्षात पुरावा होय. जहाजांची वाण होती, हे आकड्यांवरून कळते. ती वाण गोदी-कामगाराच्या हातापर्यंत कशी पोहोचली होती, हे ह्या रचनेवरून कळते.

दारूगोळा कोठे ठेवला, अवजड इंजिने कोठे बांधली, कोणता माल तळाशी व कोणता वर रचला, हे प्रश्न केवळ तांत्रिक नव्हेत. मुंबईच्या वाचकास त्यांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ ह्या आगबोटीचा जो भयंकर स्फोट झाला, त्याच्या मुळाशी कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात रचण्याचा निर्णयच होता. त्या आगबोटीतील मालाची रचना स्फोटात नष्ट झाली व ती केवळ चौकशीच्या कागदांतून जाणून घ्यावी लागते. ‘थिसलगॉर्म’च्या बाबतीत स्फोट पिछाडीपुरता राहिल्याने पुढच्या भागाची मांडणी १९४१ मध्ये ग्लासगोच्या गोदीत जशी झाली, तशीच बऱ्याच अंशी पाण्याखाली टिकून राहिली.

ह्या मालामागे एक मोहीम उभी होती. सप्टेंबर १९४१ मध्ये ब्रिटिशांचे आठवे सैन्य स्थापन झाले आणि १८ नोव्हेंबर रोजी ‘क्रुसेडर’ मोहिमेस आरंभ झाला. ह्या सैन्यातील चौथ्या हिंदी डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती; जून १९४२ मध्ये टोब्रुकच्या पाडावात ती शत्रूच्या हाती सापडली. ज्या युद्धात महाराष्ट्रातील शिपाई लढत होते, त्यातील वाहने आणि काडतुसे कोणत्या वाटेने व किती विलंबाने येत, हे समजून घेण्यास ह्या आगबोटीचा मार्ग उपयोगी पडतो. त्याच काळात पश्चिम वाळवंटातील लोहमार्ग मर्सा मत्रूहच्या पुढे वाढविण्याचे काम चालू होते; डेकवरील इंजिने ईजिप्तच्या लोहमार्गांसाठी निघाली होती. वाळवंटी युद्ध रणगाड्यांचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी ते तितकेच रूळ, पाणी आणि ट्रक ह्यांचे युद्ध होते, ही गोष्ट ‘थिसलगॉर्म’ एका दृष्टिक्षेपात पटवून देते. वाळवंटाकडे निघालेल्या रसदीत रबरी बूट का असावेत, ह्यासारखा साधा प्रश्नही रसदीच्या वाटपाविषयी विचार करावयास लावतो.

४

आगबोट बुडाल्यानंतर तिचा दुसरा इतिहास सुरू होतो. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां ह्यांनी पाण्याखाली मुक्तपणे श्वास घेता येईल असे उपकरण सिद्ध केले. ज्या युद्धाने सागरतळावर जहाजे पाठविली, त्याच युद्धकाळात त्या जहाजांपर्यंत सामान्य माणसाने पोहोचण्याचे साधनही तयार झाले. कुस्तोची ‘कॅलिप्सो’ ही नौकादेखील मूळची १९४२ मध्ये अमेरिकेत बांधलेली, ब्रिटिश आरमाराची सुरुंगशोधक नौका होती. ह्याच नौकेवरून १९५० च्या दशकाच्या मध्यास कुस्तोच्या मंडळींनी ‘थिसलगॉर्म’ गाठली. १९५६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘नीरव विश्व’ ह्या अर्थाच्या शीर्षकाच्या त्यांच्या चित्रपटात ह्या बुडीची दृश्ये आहेत. कान येथील महोत्सवात त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

तथापि कुस्तोने केवळ चित्रण केले नाही. जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटारसायकल त्याने वर आणली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यात गैर काही मानले जात नसे. परंतु पुढे जी प्रथा पडली तिचे हे पहिले पाऊल होय. चित्रपटात स्थळाचा नेमका ठिकाणा दिलेला नव्हता. त्यातच सिनाईचा प्रदेश १९५६ आणि १९६७ च्या युद्धांत सापडला व १९८२ पर्यंत इस्रायलच्या ताब्यात राहिला. स्थानिक कोळ्यांखेरीज इतरांस ह्या जागेचा विसर पडला. जवळजवळ चार दशके जहाज एकटे राहिले. आणि आज जे काही शिल्लक आहे, ते बऱ्याच अंशी ह्या विस्मृतीचे देणे आहे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी शर्म अल् शेख हे गाव पाणबुड्यांचे पर्यटनकेंद्र म्हणून वाढू लागले आणि ‘थिसलगॉर्म’चा पुन्हा शोध लागला. तिची नाळ पृष्ठभागाखाली सुमारे १६ मीटरांवर, तर तळ सुमारे ३० मीटरांवर आहे. ही खोली हौशी पाणबुड्याच्या आटोक्यातील आहे. ह्या साध्या भौगोलिक गोष्टीने तिचे पुढील भवितव्य ठरविले. ह्याचा पडताळा शेजारीच मिळतो. ८ ऑक्टोबर १९४१ रोजी, म्हणजे दोनच दिवसांनी, त्याच सागरी भागात तशाच विमानांनी ‘रोझली मोलर’ ही आगबोट बुडविली. परंतु तिच्यात दगडी कोळसा होता आणि तिचा तळ सुमारे ५० मीटर खोल आहे. तिला फारसे कोणी ओळखत नाही. एकाच आठवड्यातील दोन समान घटनांपैकी एक जगप्रसिद्ध व्हावी व दुसरी अप्रसिद्ध राहावी, ह्याचे कारण घटनेच्या महत्त्वात नसून मालाच्या चित्रमयतेत आणि पाण्याच्या खोलीत आहे. लोकस्मृती कशी घडते, ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

५

हौशी पाणबुड्यांनी केलेले नुकसान तीन प्रकारचे आहे. पहिले, स्मृतिचिन्हे म्हणून वस्तू उचलून नेणे. मोटारसायकलींचे आणि ट्रकांचे सुटे भाग, बंदुका, काडतुसे ह्यांना पाय फुटले. दुसरे, पर्यटकांच्या नौका आपले दोरखंड थेट जहाजाच्या कठड्यास किंवा डेकवरील भागांस बांधतात. वर लाट उसळली की तिचा हिसका खाली गंजलेल्या पत्र्यास बसतो आणि ऐंशी वर्षे पाण्यात राहिलेले पोलाद फाटते. तिसरा प्रकार सूक्ष्म आहे. पाणबुड्याने सोडलेल्या उच्छ्वासाचे बुडबुडे वर जाताना डेकच्या खालच्या बाजूस अडकतात. ज्या पोलादास हवेचा स्पर्श नव्हता तेथे हवेचे कप्पे तयार होतात आणि गंजण्याची क्रिया वाढते. येथे केवळ पाहावयास येणाऱ्याचा श्वासही पाहिल्या जाणाऱ्या वस्तूस झिजवितो.

ह्यावर उपाय योजले गेले नाहीत असे नाही. २००७ मध्ये तांबड्या समुद्राच्या संरक्षणार्थ काम करणाऱ्या एका स्थानिक संस्थेच्या पुढाकाराने काही आठवडे ही जागा बंद ठेवून सभोवार ३२ कायमचे बोये बसविण्यात आले आणि अडकलेली हवा निसटावी म्हणून पत्र्यास छिद्रे पाडण्यात आली. परंतु बोयांस आधार देणारे ठोकळे नौकांच्या ओढीपुढे हलके ठरले आणि दोनच वर्षांत दोरखंड पुन्हा जहाजास बांधले जाऊ लागले. जेथे उपजीविका गुंतलेली असते तेथे व्यवस्था एकदाच उभारून भागत नाही. तिची निगा सतत राखावी लागते, हा धडा त्यातून मिळतो.

ह्या चित्राची दुसरी बाजूही मांडणे न्यायाचे होईल. २०१७ मध्ये ब्रिटिश आणि ईजिप्शियन विद्यापीठांतील संशोधकांनी, पाण्याखालील छायाचित्रकारांच्या साहाय्याने, संपूर्ण जहाजाची चोवीस हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली व त्यांवरून त्याची त्रिमितीय प्रतिकृती सिद्ध केली. पर्यटक-पाणबुड्यांमधून तयार झालेले कौशल्य नसते, तर हे काम झाले नसते. इतकेच नव्हे, गेल्या तीस वर्षांत हौशी मंडळींनी काढलेली असंख्य छायाचित्रे म्हणजे ह्या जहाजाच्या ऱ्हासाची अनवधानाने ठेवलेली रोजनिशी होय. कोणता ट्रक कोणत्या वर्षी कोसळला, कोणती मोटारसायकल केव्हा नाहीशी झाली, हे त्यांच्या तुलनेतून ठरविता येईल. अभ्यासकाने ह्या पर्यटकास केवळ लुटारू ठरवून मोकळे होणे योग्य नव्हे. तो साक्षीदारही आहे.

६

आता संरक्षणाच्या नियमांकडे वळू. पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयी युनेस्कोने २००१ मध्ये स्वीकारलेला करार किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांस लागू होतो. जागच्या जागी जतन हा पहिला पर्याय मानावा, आणि अवशेषांस धक्का न लावता त्यांचे दर्शन घेण्यास उत्तेजन द्यावे, ही त्यातील तत्त्वे ‘थिसलगॉर्म’ला तंतोतंत लागू पडणारी आहेत. परंतु तिला शंभर वर्षे २०४१ मध्ये पूर्ण होतील. ईजिप्तच्या १९८३ च्या पुरावस्तुविषयक कायद्यातही शतकाची अट आहे. ब्रिटनमध्ये १९८६ चा लष्करी अवशेषांविषयीचा कायदा वयाऐवजी लष्करी सेवेचा निकष लावतो. १९४३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेली ‘स्टोरा’ ही मालवाहू आगबोट ताफ्यातून जात असल्यामुळे लष्करी सेवेत होती असे मानता येते, असा निर्णय २००६ मध्ये तेथील अपील न्यायालयाने दिला आणि २००८ मध्ये तिला संरक्षण मिळाले. तो खटला एका मृत खलाशाच्या मुलींनी चालविला होता. परंतु परक्या समुद्रात अशा कायद्याचा हात फारसा पोहोचत नाही.

येथे एक नैतिक प्रश्नही आहे. ‘थिसलगॉर्म’ ही नऊ माणसांच्या मृत्यूची जागा आहे. युद्धनौकेच्या अवशेषास स्मशानाचा मान सहज मिळतो. मालवाहू आगबोटीस तो मिळत नाही, कारण व्यापारी खलाशाचा मृत्यू हा दीर्घकाळ व्यवसायातील अपघात समजला गेला. नऊ मृतांपैकी पाच आरमाराचे व चार व्यापारी सेवेतील होते. पण त्यांचा शेवट एकाच स्फोटात झाला. हा भेद पाण्याखाली टिकत नाही.

गुबालच्या ह्या सामुद्रधुनीशी मुंबईचा संबंध जुना आहे. सुएझहून मुंबईकडे निघालेली ‘कार्नाटिक’ ही आगबोट सप्टेंबर १८६९ मध्ये, कालवा खुला होण्यापूर्वी दोन महिने, येथील अबू नुहास खडकावर फुटली. मुंबईहून इंग्लंडला निघालेली ‘डनरेव्हन’ १८७६ मध्ये जवळच बुडाली. ‘कार्नाटिक’वरील चाळीस हजार पौंडांचे चलन काढण्यासाठी त्याच वर्षी पाणबुडे उतरले होते. धनासाठी उतरणारा पाणबुडा ते आनंदासाठी उतरणारा पाणबुडा हा पल्ला एकाच सामुद्रधुनीत पाहावयास मिळतो. आपल्या किनाऱ्यावरही आता हा विषय परका राहिलेला नाही. भारतीय आरमारातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गातील निवतीजवळ सागरतळी ठेवून पाणबुड्या पर्यटकांसाठी खुली करण्याची योजना महाराष्ट्र शासनाने आखली आहे. जाणूनबुजून बुडविलेल्या अशा नौकेत माल नसतो आणि मृतही नसतात. तिच्यावर पर्यटनाचा भार टाकण्यास हरकत नाही. युद्धात बुडालेल्या आगबोटीस तोच न्याय लावता येणार नाही.

ह्या विवेचनावरून एक निष्कर्ष काढावयास प्रत्यवाय नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात काम केलेल्या अभ्यासकास रुमालाचे महत्त्व ठाऊक असते. एखादा कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदांच्या शेजारी सापडला, ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. रुमालातून निसटलेला कागद सुरक्षित राहिला तरी अर्धा मुका होतो. ‘थिसलगॉर्म’ हा असाच एक रुमाल आहे. तिच्यातील मोटारसायकल संग्रहालयात गेली, तर तशा जातीची आणखी एक मोटारसायकल मिळेल, एवढेच. परंतु ती ट्रकाच्या पाठीवर ज्या जागी होती, ती जागा रिकामी झाली म्हणजे १९४१ च्या टंचाईविषयीची एक ओळ पुसली जाते. तेव्हा जतनाचा निकष वस्तूचे वय हा नसून तिच्या रचनेची अखंडता हा असावयास हवा. शंभर वर्षांची अट पुरी होईपर्यंत थांबल्यास, कायदा ज्या दिवशी हजर होईल त्या दिवशी रक्षण करावयास गंजलेल्या पत्र्यांचा ढीगच उरण्याचा संभव आहे. २०४१ पर्यंतचा काळ फार नाही. तोपर्यंत नौकांच्या दोरखंडांस जहाजापासून दूर ठेवणे, एका वेळी उतरणाऱ्या पाणबुड्यांची संख्या मर्यादित करणे, आणि विखुरलेली छायाचित्रे कालानुक्रमे जुळवून ठेवणे, ही तीन कामे कोणत्याही नव्या कायद्यावाचून करता येण्याजोगी आहेत. त्यांतील तिसरे काम तर सर्वस्वी इतिहासाभ्यासकांचे आहे आणि त्यासाठी पाण्यात उतरण्याचीही गरज नाही.